एकट्या इलेक्ट्रॉनला हाक : सिलिकॉन क्यूबिटच्या नियंत्रणाचा इतिहास



व्याख्यानाचा विषय 'सिलिकॉनमधला क्वांटम संगणक' असा जाहीर झाला आहे. हा विषय तासाभरात मावणारा नाही, म्हणून त्यातला एकच धागा आज आपण हातात घेऊ. सिलिकॉनच्या एका चिपमध्ये अगदी एकसारखे अनेक इलेक्ट्रॉन बसवलेले आहेत. त्यांतल्या नेमक्या एकाला आज्ञा द्यायची आणि शेजारच्याला तिची झळही लागू द्यायची नाही. हे माणसाला केव्हा जमलं, कसं जमलं आणि त्याची किंमत काय पडली, एवढाच आजचा प्रश्न.

प्रश्न साधा वाटतो, पण विचार करा. भाजीमंडईत कुणी बाईंनी नुसतं 'अहो!' म्हटलं तर दहा पुरुष मागे वळून बघतात. नाव घेतलं तर एकच वळतो. निदान चेहरा बघून, शर्टाचा रंग बघून तरी आपण माणूस ओळखतो. इलेक्ट्रॉनला नाव नाही, चेहरा नाही, रंग नाही. मग हाक मारायची कशी?

तत्त्वज्ञानाच्या माणसांनी इथे कशाला लुडबुड करायची, असं कुणाच्या मनात येईल. त्याला कारण आहे. हा प्रश्न आमच्या घरचाच आहे आणि तो फार जुना आहे. लायब्निझ हा जर्मन तत्त्ववेत्ता म्हणत असे की सर्व बाबतींत तंतोतंत सारख्या अशा दोन वस्तू जगात असूच शकत नाहीत. हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउसेनच्या बागेत एका गृहस्थाने अगदी सारखी दोन पानं शोधण्याचा खूप प्रयत्न केला आणि त्याला ती सापडली नाहीत, ही हकिकत लायब्निझने स्वतः लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे वैशेषिक दर्शनाचं तर नावच 'विशेष' या कल्पनेवरून पडलं. कणादांच्या सूत्रांनंतर प्रशस्तपादांनी जो ग्रंथ लिहिला त्यात हा मुद्दा स्वच्छ येतो. दोन मडकी वेगळी ओळखता येतात, कारण त्यांचे भाग वेगळे, रंग वेगळा. पण पृथ्वीचे दोन परमाणू घेतले तर? त्यांना भाग नाहीत, गुण सारखेच, आणि तरी ते दोन आहेत. तेव्हा त्यांना 'दोन' करणारं काहीतरी प्रत्येकात मुळातच असलं पाहिजे. त्याला त्यांनी 'विशेष' म्हटलं. इथे लगेच सांगून ठेवू, की प्राचीनांना क्यूबिट माहीत होता असं म्हणण्याचा आमचा बिलकुल इरादा नाही. प्रश्न जुना आहे, एवढंच म्हणणं आहे.

विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राने या दोघांच्याही विरुद्ध निकाल दिला. इलेक्ट्रॉनमध्ये असा 'विशेष' नाही. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तर 'वेगळी स्थिती' अशी काही निर्माणच होत नाही, आणि हे मानल्याशिवाय रसायनशास्त्रातली आवर्त सारणी उभी राहत नाही. म्हणजे लायब्निझच्या बागेत सारखी पानं नसतील, पण इलेक्ट्रॉन सगळे तंतोतंत सारखे. आता अशा मंडळींतल्या एकालाच बोलवायचं असेल तर वेगळेपण बाहेरून द्यावं लागणार. ते देण्याचा इतिहास म्हणजेच आजचा विषय.

आधी थोडी तयारी करू. नेहमीच्या संगणकातला बिट म्हणजे ० किंवा १. क्वांटम संगणकातला क्यूबिट ० आणि १ यांच्या सुपरपोझिशनमध्ये राहू शकतो, म्हणजे दोन्ही शक्यता एका विशिष्ट प्रमाणात आणि विशिष्ट मेळात एकत्र नांदतात. तो मेळ टिकतो तोवरच क्यूबिट कामाचा. बाहेरच्या कुठल्याही धक्क्याने तो मोडतो. इलेक्ट्रॉनचा स्पिन हा निसर्गाने दिलेला तयार क्यूबिट आहे. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगचं छोटंसं चुंबकत्व. चुंबकीय क्षेत्रात मोजलं तर ते 'वर' किंवा 'खाली' असं दोनच प्रकारचं सापडतं.

या स्पिनला आज्ञा द्यायची रीत अशी. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला स्पिन भोवऱ्यासारखा डोलतो. डोलण्याचा वेग क्षेत्रावर ठरतो : एक टेस्लाच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनची वारंवारता सुमारे २८ गिगाहर्ट्झ असते, म्हणजे सेकंदाला २८ अब्ज हेलकावे. नेमक्या त्याच वारंवारतेची मायक्रोवेव्ह लहर बाहेरून दिली तर स्पिन हळूहळू कलतो. लहर किती वेळ द्यायची यावर तो किती कलणार ते ठरतं. पूर्ण उलटवायचा की अर्ध्यावर सोडायचा, हे वेळेचं गणित. वारंवारता जुळली नाही तर स्पिन ढिम्म.

ज्यांनी सारंगी जवळून ऐकली आहे त्यांना हे सहज पटेल. सारंगीच्या मुख्य तारांखाली तरफा असतात. प्रत्येक तरफ आपापल्या स्वरात लावलेली. वर गंधार वाजला की गंधारात लावलेली तरफ आपोआप झंकारते, बाकीच्या गप्प राहतात. आपली अडचण मात्र अशी, की निसर्गाने दिलेल्या या सारंगीत सगळ्या तरफा एकाच स्वरात लावलेल्या आहेत.

पहिली पन्नास-साठ वर्षं ही अडचण कुणाला जाणवली नाही, कारण सगळं काम गर्दीवर चाललं होतं. १९२२ मध्ये फ्रँकफुर्टला स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला आणि त्याचे दोन भाग झालेले पाहिले. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी इलेक्ट्रॉनच्या स्पिनची कल्पना मांडली. १९४४ मध्ये कझानला झावोइस्की यांनी इलेक्ट्रॉनचा स्पिन लहरींना कसा प्रतिसाद देतो ते टिपलं, आणि १९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांनी अणुकेंद्राच्या बाबतीत तेच केलं. आज इस्पितळात जी एमआरआय तपासणी होते ती याचीच नात. हे सगळे प्रयोग अब्जावधी अणूंवर एकदम केलेले. 'अहो' म्हटलं, सगळी मंडई वळली, आणि तिचा एकत्रित आवाज ऐकला.

१९५० च्या दशकात बेल लॅबमध्ये जॉर्ज फेहर यांनी सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या फॉस्फरसच्या अणूंचा अभ्यास केला. सिलिकॉनच्या अणूला बाहेरचे चार इलेक्ट्रॉन, फॉस्फरसला पाच. चार बंधांत गुंततात आणि पाचवा फॉस्फरसभोवती सैलसर फिरत राहतो. अतिशीत तापमानाला या पाचव्या इलेक्ट्रॉनचा स्पिन एकदा उलटवला की फार काळ तसाच राहतो, असं फेहर यांना दिसलं. पुढे चाळीस वर्षांनी हेच निरीक्षण कामाला आलं. पण तेव्हा तेही गर्दीचंच निरीक्षण होतं.

१९५२ मध्ये श्रोडिंगर यांनी एक लेख लिहिला, आणि तोही तत्त्वज्ञानाच्या एका ब्रिटिश नियतकालिकात. त्यात त्यांचं म्हणणं असं, की आपण कधीच एकट्या इलेक्ट्रॉनवर किंवा एकट्या अणूवर प्रयोग करत नाही. कल्पनेतल्या प्रयोगात तसं धरून चालतो आणि मग हास्यास्पद निष्कर्ष निघतात. प्राणिसंग्रहालयात कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेले सागरी सरीसृप वाढवण्याइतकीच ती गोष्ट अशक्य, असा त्यांचा दाखला होता. ज्या माणसाच्या समीकरणावर हे सगळं शास्त्र चालतं त्याचा हा निर्वाळा. याच्या आड एक तात्त्विक भूमिकाही होती : क्वांटम शास्त्र समुदायाबद्दल बोलतं, एकट्याबद्दल बोलायला गेलं की ते बावचळतं.

हा निर्वाळा हळूहळू खोटा ठरत गेला. १९७३ मध्ये डेमेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात एकटा इलेक्ट्रॉन धरून ठेवला. १९८० मध्ये एकटा बेरियम आयन धरून तो बघताही आला. २०१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हारोश आणि वाइनलँड यांना मिळालं ते एकेकट्या क्वांटम वस्तू मोजण्याच्या आणि हाताळण्याच्या पद्धतींसाठीच. मात्र हे सगळं निर्वात सापळ्यांत. घन पदार्थात, जिथे एका घन सेंटिमीटरमध्ये ५ च्या पुढे २२ शून्यं इतके अणू दाटीवाटीने बसलेले, तिथे एकट्याला गाठायचं काम याहून अवघड.

त्याची गरज निर्माण झाली संगणकामुळे. १९८१ मध्ये फाइनमन यांनी निसर्गाची नक्कल करणारा क्वांटम संगणक सुचवला, १९८५ मध्ये डॉइच यांनी त्याचा सर्वसाधारण सिद्धान्त मांडला. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की असं यंत्र मोठ्या संख्यांचे अवयव झपाट्याने पाडेल. बँकांपासून मोबाइलपर्यंत गुप्ततेचे अनेक कुलूपबंद व्यवहार मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे याच भरवशावर चालतात, म्हणून जग एकदम जागं झालं.

१९९८ मध्ये दोन प्रस्ताव आले. लॉस आणि डिव्हिन्सेन्झो यांनी अर्धवाहकात विद्युत क्षेत्राने केलेल्या अगदी लहान खोल्यांत, ज्यांना क्वांटम डॉट म्हणतात, एकेक इलेक्ट्रॉन कोंडून त्याचा स्पिन वापरावा असं सुचवलं. दुसरा प्रस्ताव ब्रूस केन यांचा. केन अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ, त्या वेळी सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात होते. त्यांनी 'नेचर'मध्ये मांडलेली योजना फेहर यांच्या जुन्या फॉस्फरसवर उभी होती : शुद्ध सिलिकॉनमध्ये सुमारे २० नॅनोमीटर अंतरावर एकेक फॉस्फरसचा अणू ठेवायचा आणि त्याच्या अणुकेंद्राचा स्पिन हाच क्यूबिट.

आता आपला प्रश्न : यांतल्या एकालाच हाक कशी मारायची? केन यांचं उत्तर फार सुंदर होतं. स्वर सगळ्यांसाठी एकच वाजू द्या. म्हणजे सगळ्या चिपवर एकच दोलायमान चुंबकीय क्षेत्र. मात्र प्रत्येक अणूच्या डोक्यावर धातूची एक बारीक पट्टी ठेवा. तिला थोडा विद्युतदाब दिला की खालच्या पाचव्या इलेक्ट्रॉनचा ढग किंचित बाजूला ओढला जातो. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्र यांचा आपापसातला चुंबकीय संबंध बदलतो आणि त्या एकाच अणूची वारंवारता सरकते. सारंगीच्या भाषेत, वाजणारा स्वर बदलायचा नाही, हव्या त्या तरफेची खुंटी पिळायची. जुळली की तीच झंकारणार.

वैशेषिकांच्या भाषेत बोलायचं तर केन यांनी प्रत्येक अणूला बाहेरून एक 'विशेष' दिला, आणि तोही हवा तेव्हा देण्याचा, हवा तेव्हा काढून घेण्याचा. इलेक्ट्रॉनला नाव देता येत नाही, पण पत्ता देता येतो.

सिलिकॉनच का, हेही समजून घेऊ. एक कारण सरळ आहे : सिलिकॉन हाताळण्याचा जेवढा अनुभव उद्योगाजवळ आहे तेवढा दुसऱ्या कुठल्या पदार्थाचा क्वचितच असेल. दुसरं कारण शांततेचं. सिलिकॉनच्या तीन समस्थानिकांपैकी २८ आणि ३० या वजनांच्या अणुकेंद्रांना स्पिन नाही. फक्त २९ ला आहे, आणि ते निसर्गात ४.७ टक्के असतं. ते काढून टाकलं तर क्यूबिटच्या शेजारी कुजबुज करणारं कुणी उरत नाही. गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकात प्रत्येक अणुकेंद्राला स्पिन आहे, त्यामुळे तिथली कुजबुज थांबवताच येत नाही.

असं असूनही पहिलं यश गॅलियम आर्सेनाइडमध्ये आलं, कारण त्यात इलेक्ट्रॉन कोंडणं सोपं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला २००४ मध्ये एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन एकाच खेपेत वाचता आला आणि २००६ मध्ये तो हवा तसा फिरवता आला. वाचण्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. एका स्पिनचं चुंबकत्व इतकं क्षीण की ते थेट मोजणं जवळपास अशक्य. म्हणून उंबरठा असा ठेवायचा की स्पिन 'वर' असेल तरच इलेक्ट्रॉनला उडी मारून बाहेर पडता यावं. बाहेर पडला की विद्युतभार बदलतो, आणि भारातला बदल शेजारच्या संवेदनशील ट्रान्झिस्टरला लगेच कळतो. म्हणजे चुंबकाचा प्रश्न विजेच्या भाषेत विचारायचा.

सिलिकॉनमध्ये हीच पायरी चढायला २०१० उजाडलं. सिडनीला आंद्रेया मोरेल्लो आणि अँड्र्यू झुराक यांच्या गटाने फॉस्फरसच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन एका खेपेत वाचला. २०१२ मध्ये त्याच गटात जॅरिड प्ला यांनी एकट्या अणूच्या इलेक्ट्रॉनला मायक्रोवेव्ह देऊन फिरवलं, म्हणजे सिलिकॉनमधला पहिला एकअणू इलेक्ट्रॉन-क्यूबिट तयार झाला. पुढच्या वर्षी अणुकेंद्रही हाताळलं. त्याच विद्यापीठात मिशेल सिमन्स यांच्या गटाने २०१२ मध्येच सूक्ष्मदर्शकाच्या टोकदार सुईच्या मदतीने फॉस्फरसचा एकच अणू ठरल्या जागी बसवून ट्रान्झिस्टर केला. श्रोडिंगर यांचे सरीसृप प्राणिसंग्रहालयात येऊन दाखल झाले होते.

शांततेचा हिशेबही खरा ठरला. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये त्या इलेक्ट्रॉनच्या सुपरपोझिशनचा मेळ सुमारे २०० मायक्रोसेकंद टिकत होता. मग जपानच्या केइओ विद्यापीठातल्या कोहेई इतोह यांच्या सहकार्याने सिलिकॉन-२८ चा शुद्ध थर वापरला, मधूनमधून मायक्रोवेव्हचे नेमके ठोके देऊन स्पिनला सावरत ठेवलं, आणि २०१४ मध्ये इलेक्ट्रॉनचा मेळ अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेला. अणुकेंद्राचा तर ३० सेकंदांच्याही पुढे. चिपमधल्या एकट्या अणूसाठी ३० सेकंद म्हणजे युगच.

आतापर्यंत अणू एकटाच होता, म्हणून जवळ एक छोटा अँटेना ठेवून भागत होतं. पण उपयोगी यंत्राला लाखो क्यूबिट लागतील असा सर्वसाधारण अंदाज आहे, कारण चुका दुरुस्त करायलाच एकेका कामाच्या क्यूबिटमागे शेकडो-हजारो मदतनीस लागतात. इतके अँटेना कुठे ठेवायचे? शिवाय चुंबकीय क्षेत्र नेमक्या जागी अडवून ठेवता येत नाही; ते शेजाऱ्याच्या घरात पसरतं. आणि अँटेनातून वीज गेली की उष्णता होते. ही चिप निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही शतांश भागांवर ठेवलेली असते, तिथे एवढीशी ऊब म्हणजे वणवा. विद्युत क्षेत्राचं तसं नाही. बारीक पट्टीने ते काही नॅनोमीटरांच्या जागेत बांधून ठेवता येतं. म्हणून इथून पुढचा सगळा इतिहास एका वाक्यात सांगता येतो : चुंबकाला विजेने कसं हलवायचं?

एक वाट केन यांचीच. २०१५ मध्ये आर्ने लाउख्त, मोरेल्लो आणि सहकाऱ्यांनी मायक्रोवेव्ह अखंड चालू ठेवून, नुसत्या विद्युतदाबाने एका फॉस्फरस अणूला लहरीशी जुळवून आणि सोडवून दाखवलं. खुंटी पिळून तरफ बोलती केली. प्रस्तावानंतर १७ वर्षं. २०२१ मध्ये प्ला यांच्या गटाने चिपच्या वर पोटॅशियम टँटालेटचा एक छोटा स्फटिक ठेवून, अँटेनाशिवाय, सबंध चिपवर पसरणारं क्षेत्र देऊन एका इलेक्ट्रॉनला फिरवलं. सगळ्यांसाठी एकच स्वर, हे केन यांचं पहिलं अर्ध त्यामुळे व्यवहारात आलं.

दुसरी वाट छोट्या चुंबकाची. जपानमध्ये तोकुरा आणि तारुचा यांच्याकडून ही कल्पना पुढे आली. क्वांटम डॉटांशेजारी कोबाल्टचा इवलासा चुंबक ठेवायचा. त्याचं क्षेत्र इथे जास्त, तिथे कमी. त्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉनची वारंवारता त्याच्या जागेनुसार वेगळी होते. एमआरआयमध्ये शरीरातली जागा ओळखण्याची युक्ती हीच असते. दुसरा फायदा असा, की विद्युत लहरीने इलेक्ट्रॉनला थोडं मागे-पुढे हलवलं की त्याला क्षेत्र कमीजास्त होताना जाणवतं आणि स्पिन फिरतो. पत्ताही मिळाला आणि विजेने हाकही मारता आली.

तिसरी वाट अपघाताने सापडली. सिडनीला अँटिमनीच्या एका अणूचं अणुकेंद्र चुंबकीय लहरींनी हाताळण्याचा प्रयोग चालू होता. जास्त शक्ती दिल्याने चिपवरचा अँटेना बिघडला. तरी अणुकेंद्र प्रतिसाद देतच राहिलं, पण वेगळ्याच रीतीने. शोध घेतल्यावर उलगडलं की तुटलेला अँटेना आता चुंबकीय क्षेत्राऐवजी जोरदार विद्युत क्षेत्र देत होता, आणि अणुकेंद्र त्यालाच साद देत होतं. असं होऊ शकेल हे ब्लोएम्बर्गन यांनी १९६१ मध्येच सुचवलं होतं. २०२० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. ब्लोएम्बर्गन मात्र २०१७ मध्येच गेले होते.

आता किंमतीकडे येऊ, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. स्पिन हा चांगला क्यूबिट का? कारण विजेच्या गडबडीकडे तो लक्ष देत नाही. चिपमध्ये सगळीकडे विद्युतभार कायम इकडे-तिकडे उड्या मारत असतात. स्पिनला त्याचं सोयरसुतक नसतं, म्हणून त्याचा मेळ टिकतो. पण आपण त्याला विजेची आज्ञा ऐकायला शिकवलं, की त्याला विजेची सगळी बडबडही ऐकू येऊ लागते. ज्या दाराने आज्ञा आत जाते त्याच दाराने गोंगाट आत शिरतो.

हे आमचं तत्त्वज्ञान नव्हे, मोजलेली गोष्ट आहे. २०१८ मध्ये तारुचा यांच्या गटाने छोट्या चुंबकाच्या पद्धतीने एका क्यूबिटवर ९९.९ टक्क्यांहून अधिक अचूकता मिळवली, आणि त्याच निबंधात स्पष्ट लिहिलं की क्यूबिटचा मेळ आता मोडतो तो विद्युतभाराच्या गोंगाटाने. अणुकेंद्रांची कुजबुज सिलिकॉन शुद्ध करून काढली होती. नियंत्रणाने दुसरा गोंगाट घरात आणला.

वेगळेपणाचंही तसंच. क्वांटम डॉटांत सिलिकॉन आणि वरचा ऑक्साइड यांची सीमा अणूंच्या पातळीवर खडबडीत असते, त्यामुळे प्रत्येक डॉटची वारंवारता आपोआप थोडी निराळी पडते. सहा क्यूबिट असतील तर हे वरदान, आयते पत्ते मिळाले. लाखो असतील तर हीच डोकेदुखी, कारण प्रत्येकाची खुंटी वेगळी लावत बसावी लागते. पुण्यात डीआरडीओची प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून सहा क्यूबिटांचा जो संगणक-गाभा तयार केला, त्याची चाचणी २०२४ मध्ये जाहीर झाली. तो अतिवाहक सर्किटांचा आहे. तिथला क्यूबिट माणसाने घडवलेला, म्हणून कुठलेही दोन तंतोतंत सारखे नसतात. तिथे लायब्निझची पानं, इथे वैशेषिकांचे परमाणू. प्रश्न उलट्या टोकांनी सुरू होतात, आणि दोघांनाही शोध एकाच गोष्टीचा : वेगळेपण हवं तेवढंच आणि हवं तेव्हाच कसं मिळेल?

याचं उत्तर काय असू शकतं, याची एक खूण २०२३ मध्ये दिसली. सिडनीच्याच गटाने, विल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी, बाहेरचा चुंबक न वापरता इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या गतीचा आणि स्पिनचा जो क्षीण संबंध सिलिकॉनमध्ये असतो तोच विद्युतदाबाने वाढवला. स्पिन फिरवण्याचा वेग ६५० पटींपर्यंत वाढला. महत्त्वाचं म्हणजे हा संबंध चालू-बंद करता येतो. दार आहे, पण दाराला कडी आहे. काम असेल तेव्हा उघडायचं, एरवी लावून घ्यायचं. १९९८ मध्ये केन यांनी जी खुंटी सुचवली होती तिच्यामागचा विचारही हाच.

एकूण हिशेब काय? जानेवारी २०२२ मध्ये सिडनी, डेल्फ्ट आणि जपानचं रिकेन अशा तीन गटांनी एकाच वेळी सिलिकॉनमधल्या दोन क्यूबिटांच्या क्रियेत ९९ टक्क्यांहून जास्त अचूकता दाखवली. चूकदुरुस्ती शक्य होण्याची रेषा साधारण तिथे आहे, म्हणून हा टप्पा मोठा. त्याच वर्षी डेल्फ्टने सहा क्यूबिट एकत्र चालवले. २०२३ मध्ये इंटेलने १२ क्यूबिटांची सिलिकॉन चिप संशोधकांना देऊ केली. आपल्या खिशातल्या मोबाइलच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. २५ वर्षांत आपण १२ पर्यंत आलो. कुणी म्हणेल, फारच सावकाश. पण ट्रान्झिस्टरला शेजाऱ्याची पर्वा नसते. इथे प्रत्येकाला शेजाऱ्यापासून तोडायचं, त्याच्याशी हवं तेव्हा जोडायचं, आणि एकट्यालाच बोलायचं, ही तिन्ही कामं एकाच वेळी आहेत. वर्तमानपत्रात 'आता क्वांटम संगणक आला' अशी बातमी वाचाल तेव्हा क्यूबिटांच्या आकड्याच्या जोडीने एक प्रश्न विचारा : यांतल्या एकाला हाक मारली तर शेजारचा किती दचकतो?

शेवटी पुन्हा आमच्या घरच्या प्रश्नाकडे. श्रोडिंगर एका बाबतीत चुकले : एकट्या इलेक्ट्रॉनवर प्रयोग करता येतो, तोही दगडासारख्या घन पदार्थात. पण त्यांच्या शंकेत एक खरा अंश उरतोच. ज्याला आपण 'हा एक इलेक्ट्रॉन' म्हणतो त्याचं 'हा'पण त्याच्या आत कुठे सापडलेलं नाही. ते आहे त्याच्या जागेत, डोक्यावरच्या पट्टीत, शेजारच्या चुंबकात, शांत केलेल्या परिसरात. वैशेषिकांनी विशेष नित्य मानला होता, कधीही न जाणारा, फुकट मिळालेला. प्रयोगशाळेतला विशेष तसा नाही. तो घडवावा लागतो, राखावा लागतो, आणि त्याच्यासाठी शांततेतला काही वाटा द्यावा लागतो. किती वाटा दिला म्हणजे काम होतं आणि मेळही मोडत नाही, हे ठरवण्यातच या पंचवीस वर्षांचं शहाणपण आहे, आणि पुढच्या पंचवीस वर्षांचंही काम.

आपण इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.